रिकाम्या सिलिंडरचा हिशेब

नवा सिलिंडर घरी येतो तेव्हा त्यात 14.2 किलो गॅस भरलेला असतो. महिना-दीड महिन्याने तो रिकामा होऊन परत जातो. मधल्या दिवसांत त्या 14.2 किलोंचं काय झालं? गॅस संपला, असं आपण म्हणतो. पण संपला म्हणजे नाहीसा झाला असं नाही. शाळेत शिकलेलं थोडं रसायनशास्त्र आठवलं तर हा हिशेब घरीच मांडता येतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण असतं. ते एक किलो जळायला साडेतीन किलोंहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. जळल्यावर सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोंहून अधिक पाणी तयार होतं. म्हणजे एका सिलिंडरमागे हवेतला जवळजवळ पन्नास किलो ऑक्सिजन खर्ची पडतो. त्याच्या बदल्यात साधारण 42 किलो कार्बन डायऑक्साइड आणि एक मोठी बादली भरून वर उरेल इतकं, म्हणजे 22 लिटर पाणी, वाफेच्या रूपात घरात येतं. थंडीच्या सकाळी स्वयंपाकघराच्या काचेवर आतून जे पाणी धरतं, त्यात भाताच्या वाफेबरोबर जळालेल्या गॅसचंही पाणी असतं.

स्कूटरचं इंजिन जे जाळतं त्याचा धूर बाहेर टाकायला मागे सायलेन्सर असतो. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून कोणी बसत नाही. शेगडीला मात्र मागची नळी नाही. ती जे जाळते ते सगळं ओट्यावरच्या हवेत सोडते, आणि त्या हवेत पोळ्या लाटणाऱ्या बाईचा चेहरा शेगडीपासून दीड-दोन हातांवर असतो.

कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांची फारशी चिंता नाही. चिंता आहे ती या हिशेबात न धरलेल्या, ग्रॅमांत मोजाव्या लागणाऱ्या दोन-तीन वायूंची. त्यांच्याकडे वळण्याआधी चुलीबद्दल बोलायला हवं. गॅसच्या धोक्याची चर्चा चुलीला विसरून केली की ती हमखास चुकीच्या वळणावर जाते.

चुलीपासून गॅसपर्यंत

फुंकणीने चूल फुंकणारी आजी आणि तिचे लाल झालेले डोळे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना चुलीचा धूर समजावून सांगावा लागत नाही. तरी तो मोजला गेला नव्हता. कर्क स्मिथ हे अमेरिकी शास्त्रज्ञ 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत आले आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात प्रत्यक्ष किती धूर जातो, हे त्यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर मोजलं. तोवर प्रदूषण म्हणजे कारखान्याचं धुराडं आणि शहरातला रस्ता, अशीच समजूत होती. जगातली सर्वात धुरकट हवा खेड्यातल्या स्वयंपाकघरात आहे, हे या मोजणीने दाखवलं. घरातली चूल म्हणजे तासाला चारशे सिगारेटी जाळण्यासारखं आहे, असा हिशेब स्मिथ पुढे आयुष्यभर सांगत राहिले. 2020 साली ते गेले. त्यांच्या कामाचा आपल्याशी आणखी जवळचा संबंध आहे. 1990 च्या दशकात आशियातल्या तीन शहरांमधल्या घरांत त्यांनी हवा मोजली. बीजिंग आणि बँकॉक ही त्यातली दोन शहरं आणि तिसरं आपलं पुणं. लाकूड, मग रॉकेल, मग गॅस अशी इंधनाची एक शिडी असते आणि घर त्या शिडीवर चढतं तशी घरातली हवा निवळत जाते, हे त्यांना तपासायचं होतं.

या शिडीची वरची पायरी आपल्याकडे 1955 साली आली. बर्मा शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली तेव्हा. पुढची कित्येक वर्षं गॅस ही चैनीची वस्तू होती आणि कनेक्शनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या एकोणतीस घरांतही गॅसवर स्वयंपाक होत नव्हता. 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर दहा कोटींहून अधिक जोडण्या गरीब घरांत गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात 32 लाख माणसं अकाली मेली. एवढा आकडा समोर असताना, गॅससुद्धा वाईटच असं म्हणून चूल आणि शेगडी यांना एका रांगेत बसवणं हा चुलीपाशी बसणाऱ्या बायकांवर अन्याय आहे. ज्या घरात अजून चूल आहे, तिथे गॅस पोचवणं हेच आजही पहिलं काम आहे. पुढे मी जे लिहिणार आहे त्याने या वाक्याला बाधा येत नाही.

तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार ठिकाणी 3,200 गरोदर बायकांना घेऊन एक मोठी चाचणी झाली. निम्म्या बायकांना शेगडी आणि दीड वर्षाचा गॅस फुकट दिला, निम्म्या आपल्या चुलीवरच राहिल्या. चुलीवाल्या बायकांच्या श्वासातल्या सूक्ष्म कणांचं प्रमाण दर घनमीटरला सुमारे 71 मायक्रोग्रॅम होतं, ते गॅसवाल्या बायकांत 24 वर आलं. धूर इतका उतरला, पण बाळांच्या जन्मवेळच्या वजनात आणि त्यांच्या तीव्र न्यूमोनियात लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून गॅस निरुपयोगी ठरतो असं मला वाटत नाही. 24 हा आकडा आरोग्य संघटनेच्या वार्षिक मर्यादेच्या, म्हणजे 5 च्या, अजून जवळजवळ पाचपट आहे. गल्लीतल्या बाकीच्या चुली पेटलेल्याच होत्या आणि त्यांचा धूर नव्या शेगडीच्या घरातही येतच राहतो. पण शेगडी आली म्हणजे हवेचा प्रश्न सुटला, हे समीकरण तितकं सरळ नाही, एवढं या चाचणीतून नक्की दिसतं.

निळ्या ज्योतीचं गुपित

ज्योत निळी असेल तर शेगडी चांगली, हे आपण आईकडून शिकलो आणि ते बरोबरच आहे. निळी ज्योत म्हणजे गॅस पूर्ण जळतोय, काजळी धरत नाही. भांड्यांची बुडं काळी पडायला लागली की आपण बर्नर उघडून सुईने भोकं साफ करतो, तेही योग्यच. पण निळ्या ज्योतीच्या आत आणखी एक घडामोड चालू असते, आणि तिचा गॅसच्या शुद्धतेशी काही संबंध नाही.

आपल्या भोवतालच्या हवेत चार पंचमांश भाग नायट्रोजन आहे. तो इतका शांत वायू आहे की आपण तो दिवसभर आत-बाहेर करतो तरी तो कशाशी संयोग करत नाही. पण निळी ज्योत सुमारे 1,900 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. एवढ्या उष्णतेत नायट्रोजनची जोडी फुटते आणि तो ऑक्सिजनला जाऊन मिळतो. ही साखळी कशी चालते, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांनी 1940 च्या दशकात उलगडून दाखवलं. आधी नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि मग त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. म्हणजे हा वायू गॅसमधून येत नाही, हवेतूनच येतो. ज्योत फक्त तो घडवते. सिलिंडर असो, पाइपचा गॅस असो, महागडी शेगडी असो की जुनी, जोवर ज्योत आहे तोवर तो बनणारच. आणि बर्नर मोठा ठेवला तर जास्त बनणार.

नायट्रोजन डायऑक्साइडची एक खोड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गंधक जाळल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे त्याचा बराचसा भाग नाकातच अडतो, झोंबतो आणि आपल्याला सावध करतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात तितका सहज विरघळत नाही. तो नाक-घसा ओलांडून खाली फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत पोचतो. तिथल्या अस्तराला तो सूज आणतो, विषाणूंशी लढण्याची तिथली ताकद कमी करतो. आणि ज्याला दमा आहे त्याच्या नळ्या धूळ, परागकण, थंड हवा अशा दुसऱ्या कारणांनाही जास्त चटकन आवळू लागतात. लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यांच्या श्वासनळ्या अरुंद असतात, आणि दूध तापेपर्यंत ती आईच्या पायाशीच घोटाळत असतात.

2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमवरून थेट 10 वर आणली. आपल्या देशातली 2009 ची मानकं अजून 40 वरच आहेत, आणि तीही बाहेरच्या हवेची. घराच्या आतल्या हवेसाठी आपल्याकडे पाळायलाच हवं असं एकही मानक नाही. रस्त्यावरची हवा दाखवणारे फलक चौकाचौकांत लागले, पण दिवसाचे चार तास ज्या ओट्यापाशी जातात, तिथलं काही कुठेच दिसत नाही.

1977 पासूनचा वाद

इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या साडेपाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा एक अभ्यास 1977 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. सहा ते अकरा वर्षांची ही मुलं. घरात गॅसवर स्वयंपाक होतो की विजेवर, हाही प्रश्न त्यात विचारलेला होता. गॅसच्या घरातल्या मुलांमध्ये खोकला, छातीत उतरणारी सर्दी, ब्राँकायटिस जास्त दिसला. शेगडीकडे बोट दाखवणारा हा पहिला मोठा अभ्यास. त्यानंतर दशकानुदशकं अभ्यास होत राहिले आणि त्यांचे निष्कर्ष एका सुरात नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

2013 हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी 41 अभ्यासांची एकत्र छाननी झाली आणि तीत गॅसच्या घरातल्या मुलांना दमा असण्याची शक्यता 42 टक्के जास्त निघाली. त्याच वर्षी 47 देशांतल्या पाच लाखांहून अधिक मुलांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उघड्या चुलीचा दम्याशी संबंध दिसला, पण गॅसचा नाही. मग 2022 च्या अखेरीस अमेरिकेत एका गणिताने खळबळ उडवली. तिथल्या मुलांच्या दम्यापैकी 12.7 टक्के दमा गॅस शेगडीमुळे असू शकतो, असं त्यात म्हटलं होतं. टीकाकारांचं म्हणणं असं की दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. 2024 साली आरोग्य संघटनेसाठी झालेल्या, शंभराहून अधिक अभ्यासांच्या आढाव्यातलं चित्र मला सर्वात तोलून मांडलेलं वाटतं. लाकूड-कोळसा-रॉकेलपेक्षा गॅसवर न्यूमोनिया जवळजवळ निम्म्याने कमी, खोकला आणि दम लागणंही कितीतरी कमी. पण विजेच्या शेगडीशी तुलना केली तर गॅसवर न्यूमोनिया आणि फुप्फुसांचा जुनाट आजार थोडा जास्त. मुलांच्या दम्याचा धागा त्यात ठामपणे जोडला गेला नाही.

माणसांवर प्रयोग करून कारण शोधायचं तर ते सोपं नाही, पण एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात थंडीत शाळांचे वर्ग गॅसच्या हीटरने ऊबदार ठेवत. धूर बाहेर नेणारी नळी नसलेले हे हीटर म्हणजे एका अर्थी आपली शेगडीच. 18 शाळांपैकी काही शाळांतले हीटर बदलले, बाकीच्या तशाच ठेवल्या. बदललेल्या वर्गांत नायट्रोजन डायऑक्साइड तर उतरलाच, पण दमेकरी मुलांची छाती आवळणं आणि श्वास लागणंही कमी झालं. इथे कोण श्रीमंत, कोण गरीब, कोणाच्या घरी कोण सिगारेट ओढतं, या शंकांना फार जागा उरत नाही. हीटर बदलला, आणि मुलांना बरं वाटलं.

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढची वाट धरली. त्यांनी रोग्यांऐवजी थेट शेगड्या मोजल्या. 2022 मध्ये 53 घरांतल्या मोजणीत दिसलं की लहान स्वयंपाकघरात पंखा न लावता गॅस पेटवला तर तिथल्या बाहेरच्या हवेसाठी ठरवलेली तासाभराची मर्यादा काही मिनिटांतच ओलांडली जाऊ शकते. 2023 मध्ये त्यांनी बेंझीन मोजलं. हा रक्ताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा वायू, आणि तो पेटत्या बर्नरमधून, पाइपच्या गॅसच्याही आणि प्रोपेनच्याही, येत होता. इंडक्शनवर तो सापडलाच नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. स्वयंपाकघरात पेटवलेल्या बर्नरचा वायू बेडरूमपर्यंत पोचतो आणि गॅस बंद केल्यावरही तिथे बराच वेळ रेंगाळतो. दार लोटून घेतल्याने हवेची वाट बंद होत नाही.

या सगळ्यावर माझं मत विचाराल तर असं आहे: धडधाकट माणसाला, खिडक्या उघड्या असलेल्या घरात, गॅसचा धोका लहान आहे. पण ज्या घरात दम्याचं मूल आहे, ज्या घरात बाळ पाळण्यात आहे, आजोबांना फुप्फुसांचा जुना आजार आहे, आणि खोली एकच आहे, त्या घरासाठी हा धोका लहान नाही.

वास न येणारा

गॅसला वास असतो तो मुद्दाम मिसळलेला. मूळ गॅसला वासच नाही. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन या गावच्या शाळेत गळलेल्या, बिनवासाच्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण, बहुतांश मुलंच, मेले. त्यानंतर गॅसमध्ये मर्कॅप्टन हे कुजक्या वासाचं रसायन मिसळण्याची सक्ती झाली. आज आपल्या घरात नळी गळली की अर्ध्या मिनिटात कोणीतरी ‘गॅसचा वास येतोय’ म्हणतं, ते त्या मुलांच्या मृत्यूमुळे. पण गॅस पेटला की हा वासही जळून जातो, आणि जळालेल्या गॅसला नव्याने वास घालायला कोणी नाही. आपलं नाक ज्या गोष्टीवर विसंबून राहायला शिकलं, ती शेगडी पेटल्याक्षणी निघून जाते.

याचा सर्वात जीवघेणा परिणाम ओट्यावर कमी आणि न्हाणीघरात जास्त दिसतो. गॅस गिझर. हा विषय स्वयंपाकाचा नाही, पण त्याच सिलिंडरचा आहे आणि त्याने माणसं मरतात, म्हणून मी तो सोडणार नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असला की ऑक्सिजन कमी होत जातो, गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. रंग नाही, वास नाही, झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे फुप्फुसं चालू असूनही मेंदूला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मग पाय जागचे हलत नाहीत आणि दाराची कडी काढण्याइतकंही भान राहत नाही. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी या प्रकाराला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच दिलं आहे. झटका आला किंवा हृदय थांबलं असं समजून आणलेले तरुण रोगी प्रत्यक्षात या वायूचे बळी असतात. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा, गरम पाणी नळाने आत आणा. ते जमत नसेल तर बादली आधी भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आत जाऊन दार लावा. घरातल्या मुला-मुलींना हे एकदा समजावून सांगण्याइतका वेळ आज काढाच.

शेगडीवर कार्बन मोनॉक्साइड एरवी कमी असतो. पण ज्योत पिवळी झाली, बर्नर तुंबला, किंवा मोठ्या थंड पातेल्याच्या बुडाने ज्योत दाबली गेली, की तो वाढतो. काळी पडलेली बुडं ही नुसती घासण्याची कटकट नाही, ती खूण आहे.

वाट बुजली कशी

कोकणातल्या जुन्या घरात स्वयंपाकघर मागच्या पडवीला लागून असायचं आणि धूर कौलांच्या फटींतून वर निघून जायचा. देशावरच्या माळवदाच्या घरात चुलीच्या वर छतालाच झरोका ठेवलेला असे, पावसात तो झाकायचा आणि उघडीप मिळाली की पुन्हा मोकळा करायचा. पुऱ्या तळायच्या असल्या की मागचं दार उघडं ठेवलं जाई. धूर डोळ्यांत जायचा म्हणून त्याच्या वाटेची काळजी घेतली जायची. ती वाट कधीच पुरेशी नव्हती, हे खरं. पण वाट लागते, हे घर बांधणाऱ्या गवंड्यालाही ठाऊक होतं.

गॅस आला आणि डोळ्यांत पाणी येईना. मग झरोका गेला. फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी होती, तीत वॉशिंग मशीन आलं आणि तिला काचेची सरकती तावदानं बसली. खिडकीसमोर फ्रिज आला, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर मसाल्यांच्या डब्यांचं शेल्फ. डासांमुळे संध्याकाळी, म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी, खिडक्या लागतात. हॉलमध्ये एसी लावायचा म्हणून स्वयंपाकघर आणि हॉल मिळून एकच बंद पेटी होते. आणि आता भिंतच नसलेलं खुलं स्वयंपाकघर बांधतात, म्हणजे ओट्यावर जे बनतं ते सरळ सोफ्यापर्यंत. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराला बाहेरच्या मोकळ्या जागेत उघडणारी किमान एक चौरस मीटरची खिडकी सांगितली आहे. नकाशात ती असतेच. ती उघडी आहे का, हा प्रश्न नकाशा मंजूर करणाऱ्याचा नसतो, तो रोज ओट्यापाशी उभं राहणाऱ्याचा असतो.

चाळीतल्या किंवा पुनर्वसनातल्या एका खोलीच्या घराचं दुखणं वेगळं. तिथे ओटा, पलंग, अभ्यास आणि पाळणा यांच्यात भिंतच नाही. पहाटे पाचला डबा करायला उठलेल्या आईच्या गॅसची हवा झोपलेल्या मुलांच्या अंथरुणावर असते.

आणि फोडणी. तिला विसरून चालणार नाही, कारण ती गॅस बदलून जात नाही. तेल धुरायला लागलं की त्यातून सूक्ष्म कण आणि घशाला झोंबणारं ॲक्रोलीन निघतं. कडक तापलेल्या तेलात तळण्याच्या वाफा ‘बहुधा कर्करोगकारक’ आहेत, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2010 मध्ये नोंदवलं. त्यामागे मुख्यतः चीनमधल्या, सिगारेट न ओढणाऱ्या बायकांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे अभ्यास होते. मिरचीची फोडणी पडली की सगळं घर खोकतं आणि कोणीतरी धावत जाऊन खिडकी उघडतं. पण त्याआधी पाऊण तास पोळ्या होत होत्या, तेव्हा खिडकी बंद होती. ठसका लागला तरच खिडकी उघडायची, ही सवय आपल्याला चुलीच्या काळापासून लागली आहे. गॅसच्या बाबतीत तिचा उपयोग होत नाही, कारण त्याचा ठसका लागत नाही.

काय करता येतं

चिमणी घेणार असाल तर आधी तिची नळी कुठे जाते ते पाहा. बाहेर जाणारी नळी नसलेली, हवा गाळून परत घरातच सोडणारी चिमणी तेलाचे थेंब अडवते, पण तिच्यातली कोळशाची गाळणी नायट्रोजन डायऑक्साइड फारसा धरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तर अजिबात नाही. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातली नुसती कणांची जाळीही वायू पकडत नाही. चार बर्नरच्या शेगडीवर मागचे, भिंतीकडचे बर्नर वापरले तर चिमणी जास्त हवा ओढून घेते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हे मोजून पाहिलेलं आहे. चिमणी परवडत नसेल तर भिंतीत उंचावर, छताजवळ बसवलेला साधा एग्झॉस्ट फॅन हे मोठं साधन आहे. पण त्याला आत यायला हवा हवी. पलीकडची खिडकी किंवा दार बोटभर तरी उघडं पाहिजे, नाहीतर तो जागच्या जागी फिरत राहतो. गॅस पेटवण्याआधी तो लावा आणि बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा.

जितका गॅस कमी जळेल तितकं कमी बनेल, हे तर उघडच आहे. डाळ आणि कडधान्यं भिजवून ठेवणं, कुकर, झाकण, पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करणं, या आपल्या आयांनी पैसे वाचवण्यासाठी घडवलेल्या सवयी आहेत. त्या फुप्फुसंही वाचवतात.

विजेवर जावं का? अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये गॅसची शेगडी काढून विजेची दिली तेव्हा स्वयंपाकघरातला नायट्रोजन डायऑक्साइड निम्म्यावर आला. इंडक्शनवर भाकरी फुगवता येत नाही, वांगं भाजता येत नाही, वीज गेली की स्वयंपाक थांबतो, या अडचणी खऱ्या आहेत. पण चहा, दूध, डाळ-भात, मुलांची दुपारची मॅगी एवढं जरी तिकडे गेलं तरी ज्योतीचे बरेच तास कमी होतात. एक प्रश्न मात्र मनाला टोचत राहतो. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॉटच्या केंद्राभोवती राहणारी माणसं आपल्या विजेसाठी ती राख आणि तो धूर सोसतात. उंच धुराड्यातून निघून विरत जाणारा धूर आणि दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलेला वायू यांत फुप्फुसांच्या दृष्टीने फरक आहे, म्हणून दम्याचं मूल असलेल्या घराला मी इंडक्शनच सुचवेन. पण चंद्रपूरकरांचं देणं आपल्या डोक्यावर राहतं, आणि ते सौर आणि पवनऊर्जेनेच फिटेल.

नवा फ्लॅट बघायला गेल्यावर आपण पार्किंग बघतो, नळ सोडून पाण्याचा जोर बघतो, देवघर कुठल्या दिशेला येईल ते विचारतो. स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभं राहून आणखी थोडं वर बघा. छताखाली चिमणीच्या नळीसाठी भिंतीत भोक ठेवलं आहे का? असेल तर त्याचं दुसरं तोंड कुठे उघडतं, मोकळ्या हवेत, की अरुंद डक्टमध्ये, की शेजारच्यांच्या बेडरूमच्या खिडकीखाली? भोक नसेल तर ते पाडून द्या, असं ताबा घेण्याआधी बिल्डरला सांगायचं. फर्निचरवाला कपाटं ठोकून गेल्यावर ती भिंत पुन्हा दिसत नाही.